बाजेवर झोपलेला पाइप

नाही, पण इथंच माझी पंचाईत होते बघा... साल चौऱ्याहत्तर होतं की पंचाहत्तर? आजवर मी सगळ्यांना पंचाहत्तर सांगत आलो, आणि परवा पहाटे डोळे उघडले ते हीच शंका घेऊन, की चौऱ्याहत्तर असलं तर? वाशिम जिल्हा तेव्हा नव्हता, आमचं मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होतं, एवढं पक्कं. बाकी काही पक्कं धरू नका. हसू नका हो! तेहतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय मी, आणि आजही गॅस बंद केला की नाही हे बघायला तीनदा उठतो, चौथ्यांदा बायको उठते, ती मला बघायला. तर अशा माणसाला... तुम्हीच सांगा, अशा माणसाला कोणी कारखान्याचा पाइप निवडायला सांगावा? पण सांगितलं! का सांगितलं? तर मी शिकलेला!

तुम्हाला सांगतो, गावात शिकलेला माणूस म्हणजे दवाखाना, पोस्ट आणि पंचांग एकाच जागी. म्हैस आटली, विचारा देवमनला. रेडिओ खरखरतो, बोलवा देवमनला. मी म्हणायचो, 'मला नाही कळत यातलं,' तर म्हणायचे, 'असं कसं नाई कयत? तू तं शिकेल हायेस!' या एका वाक्यानं माझं जेवढं नुकसान केलंय ना...

तर गोष्ट आमच्या गावच्या जिनिंगची. कापसातली सरकी काढायचा कारखाना. मालक शेषरावजी, मोठे जमीनदार, स्वभावानं वाईट नाहीत, पण आवाज असा की 'चहा घे' म्हणाले तरी समोरचा दोन पावलं मागे सरायचा. कारखान्याला एक जुनं डिझेल इंजिन, म्हाताऱ्या बैलासारखं, खोकणारं पण ओढणारं. ते थंड ठेवायला पाणी फिरवावं लागतं. पाणी इंजिनातून तापून निघतं, एका झाकलेल्या लहान हौदात पडतं, तिथून पाइपानं अंगण ओलांडून मोठ्या टाक्यात जातं, तिथं निवतं आणि परत इंजिनात. आहे काय यात? पण आमचं विहिरीचं पाणी क्षाराचं! लोखंडी पाइपाला आतून पांढरा थर धरायचा, घरच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, बसतो तसा, आणि ऐन हंगामात पाइप बुजायचा, इंजिन तापायचं, आणि मिस्त्री धरमसिंग पट्टा उतरवून ओरडायचा, 'बंद! सब बंद!' बंद म्हणजे बाहेर कापसाच्या गाड्या ताटकळत उभ्या, आणि आत कापूस निवडणाऱ्या बाया अर्ध्या रोजावर घरी. त्या बायांत माझी माय होती, पंचफुला.

आता झालं काय, अकोल्यात कोणीतरी शेषरावजींना सांगितलं की प्लास्टिकच्या पाइपाला क्षार धरत नाही. तोवर प्लास्टिक म्हणजे आमच्याकडे कंगवा आणि साबणाची डबी. शेषरावजींना पटलं, पण प्रश्न पडला, की गरम पाण्यात ते टिकणार कोणतं? ही चर्चा कापूस निवडता निवडता मायनं ऐकली, आणि हातातला कापूस खाली ठेवून मालकाला म्हणाली, 'माह्या पोरानं प्लास्टिकचंच शिकलं ना जी.'

प्लास्टिकचंच! अहो, मी नुकताच नागपूरहून एम.एस्सी. होऊन आलो होतो, नेमणुकीच्या पत्राची वाट बघत घरी बसलो होतो. त्या एम.एस्सी.त एक पेपर, त्या पेपरात प्लास्टिकच्या जातीचं एक प्रकरण, आणि ते प्रकरण मी ऑप्शनला टाकलेलं! पण हे मायला कसं सांगणार? तिनं आधीच सगळ्या जिनिंगला सांगितलं होतं.

शेषरावजींनी बोलावलं. खुर्ची दिली बसायला. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या ऑफिसात खुर्ची... आणि चहा, तोही कपबशीत, त्यांच्याच कपबशीत! माझ्या हातात बशी कपाशी बोलत होती. म्हणाले, 'देवमन, कोनता पाइप घेऊ?' म्हटलं, 'शेषरावजी, माझा अभ्यास तसा पुस्तकातला...' 'पुस्तकातला का कायचा का असे ना, तू तं शिकेल हायेस! तू बोट ठेव, मी आनतो.'

तुम्हाला म्हणून सांगतो, मी तेव्हाच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण दारात माय उभी होती, तिच्यामागे शेजारची लिलाबाई, तिच्यामागे वस्तीतल्या पंधरा-वीस बाया, सगळ्यांचे डोळे त्या कपबशीवर. मी आमच्या वस्तीतला पहिला एम.एस्सी. हो! दुसऱ्या कोणाचा पाइप वाकला असता तर लोक म्हणाले असते, पाइप वाकला. माझा वाकला तर म्हणणार होते, 'पाह्यलं? त्यायचा पोरगा शिकला, अन् काय झालं?' एका पाइपावर सगळ्या वस्तीची मान टांगलेली. मी 'हो' म्हणालो. चहाही सांडला.

अकोल्याला गेलो. दुकानदारानं दोन तुकडे पुढ्यात ठेवले. एक राखाडी, पीव्हीसीचा, स्वस्त, म्हणाल तेव्हा मिळणारा, पण साठ डिग्रीच्या वर पाणी गेलं की मऊ पडणारा. दुसरा पांढरट, पॉलिप्रॉपिलीनचा, उकळीच्या जवळचं पाणीही सोसणारा, पण महाग, आणि मुंबईहून मागवायचा, दीड महिना तरी लागणार. आणि हंगाम वीस दिवसांवर! दुकानदार म्हणाला, 'साहब, पानी कितना गरम है, वो बताइए, बस.'

बस! किती सोपं! पाणी किती गरम आहे?

धरमसिंगला विचारलं. 'मिस्त्री, हौदातलं पाणी किती गरम असतं?' 'लय गरम.' 'लय म्हणजे किती?' त्यानं विडी कानावर ठेवली, विचार केला, 'लय म्हनजे... हात घातला का माय याद येते.' आता तुम्ही सांगा, हे काय उत्तर झालं? याला आकडा आहे का? याचा अहवाल लिहिता येतो का? मी मनात म्हटलं, बिचारा, शिकलेला नाही... बघा, माझ्या मनातसुद्धा तेच वाक्य!

मग मी वाशिमच्या कॉलेजातून ओळखीनं थर्मामीटर आणला. काचेचा, लांब, एकशेदहा डिग्रीचा, रुमालात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर ठेवून, जसं काही नवजात लेकरू. आणि रात्री जेवताना मायला समजावून सांगितलं. ही माझी चूक. म्हणजे चुका बऱ्याच झाल्या, पण ही मूळ. म्हटलं, 'माय, उद्या दहा वाजता हौदाच्या पाण्यात हात घालून टेंपरेचर घ्यायचं आहे.' माय भाकर मोडता मोडता थांबली. 'हात घालून?' 'हो. हौदावर दगडी फरशी आहे, एवढंसं भगदाड. थर्मामीटर वर काढून पाहिला तर पारा उतरतो, म्हणून आत धरूनच वाचावा लागतो.' 'किती टाइम?' 'दोन मिनिटं.' 'दोन मिन्टं!' 'माय, विज्ञान आहे हे.' ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली, उजव्या, जेवणाच्या.

दुसऱ्या दिवशी दहाला गेलो. गेल्या हंगामाचा उरलासुरला कापूस होता, इंजिन तासभर चाललेलं. आधी शेषरावजींनी बोलावून चहा पाजला, मग मी हौदापाशी. भोवती सगळं ओलं, आणि बायांचे पितळी गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, ओळीनं मांडलेले. मला वाटलं, आंघोळीला, भांड्याला गरम पाणी नेत असतील, नेहमीचंच आहे त्यांचं, सुटी झाली की हौदातलं एकेक गुंड घरी न्यायच्या त्या. मी आडवा पडलो, डोकं भगदाडात, हात कोपरापर्यंत आत, डोळे मिटून घेतले... आणि काय सांगू? भाजलंच नाही! कोमट, छान, झोप यावी असं. दोन मिनिटं मोजली. एक्केचाळीस डिग्री.

मला शंका आली. येणारच! मला माझ्या नावाची शंका येते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा चहा, पुन्हा ओली जमीन, पुन्हा एक्केचाळीस. तिसऱ्या दिवशी तर मी कोणाला न सांगता, वेळ बदलून, दुपारी गेलो. विज्ञानाला असंच लागतं, अचानक. फाटकात शेषरावजींनी पकडलं, 'अरे देवमन! ये, चहा घे!' दहा मिनिटं तिथं गेली. मग हौद. एक्केचाळीस! तुम्हाला सांगतो, तीन वेळा एकच आकडा आल्यावर माणसाला काय वाटतं! माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीबद्दल निःशंक झालो. पहिल्यांदाच! आणि शेवटचाच.

तरी घरी प्रयोग केला. एक्केचाळीस, वर दहा जास्तीचे, सावधगिरी म्हणून, एक्कावन्न डिग्रीचं पाणी चुलीवर, त्यात राखाडी तुकडा, तुकड्याला दोरीनं वरवंटा टांगलेला. तासभर बसलो. वाकला नाही. मग सहज, गंमत म्हणून, पाण्याला उकळी येऊ दिली. तुकड्यानं अशी मान टाकली, अशी मान टाकली... शेवग्याची शेंग शिजल्यासारखी! वरवंटा गंजाच्या बुडाशी. माय बाजूला पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

'देवमन, हा असा काहून झाला?'

'जास्त गरम पाण्यात होतो माय. हौदातलं पाणी एवढं नाही.'

'नाई का?'

'नाही. तीनदा मोजलंय मी.'

ती पीठ पुन्हा मळायला लागली, मळून झालं होतं तरी. मग म्हणाली, 'तू तो दुसरा पाइप घे ना, पांढरा.'

'काहून?'

'दिसाले बरा हाय.'

दिसाले! म्हटलं, 'माय, दिसण्यावर पाइप घेतात का?' तर म्हणते, 'पांढऱ्यानं आंगन उजळ दिसन.' म्हटलं, 'तो यायला दीड महिना, तेव्हापर्यंत तुम्ही अर्ध्या रोजावर घरी बसणार का?' 'बसू ना! आमाले काय सवय नाई?' मला इतकं हसू आलं... मी तिला साठ डिग्रीचं गणित समजावलं, पाठीवर कोळशानं आकडे काढून, म्हणजे पोळपाटाच्या पाठीवर. तिनं सगळं ऐकलं, आणि खाली मान घालून म्हणाली, 'तुले माहीत बाप्पा. तू तं शिकेल हायेस.'

राखाडी पाइप आला. अंगणात सहा-सहा फुटांवर खांब रोवले, त्यांवर तो चकचकीत पाइप, एकशेवीस फूट, सरळ, सूत धरल्यासारखा! हंगामाचा पहिला दिवस. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार दर्ग्याच्या रस्त्यापर्यंत. शेषरावजींनी नारळ फोडला, धरमसिंगनं इंजिन फिरवलं, धक, धक, धक... पाणी गेलं! टाक्यात धो धो पडलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्तीतली म्हातारी माणसं धुतलेली धोतरं नेसून आली होती हो, पाइप बघायला. एकजण दुसऱ्याला सांगत होता, 'हा आपल्या पंचफुलाच्या पोरानं बसोला.' मी खांबाला टेकून उभा होतो. तुम्हाला सांगतो, मी उंच झालो होतो त्या दिवशी.

अर्धा तास.

अर्ध्या तासानं धरमसिंग माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, 'साहेब, पाइप हसून राह्यला.' 'म्हणजे?' 'पाहा ना.' पाहिलं. पहिल्या दोन खांबांच्या मध्ये पाइपाला जरासा झोळ पडला होता... खरंच, ओठ मुडपून हसावं तसा. मग दुसऱ्या दोहोंमध्ये. मग तिसऱ्या. मी बघत होतो आणि तो गालातल्या गालात हसत हसत पुढे चालला होता, आणि पाहता पाहता सगळा पाइप दोरीवर वाळत घातलेल्या नऊवारीसारखा खाली लोंबला, एक सांधा निखळला, फस्स करून पाणी उडालं, वाफ! वाफ बघितली मी! एक्केचाळीस डिग्रीला वाफा निघतात का हो अशा? माणसं पळाली, बैल बुजले, धरमसिंग ओरडला, 'बंद! सब बंद!'

शांत झालं. इंजिन थांबल्यावर जी शांतता होते ना, कानात भुंगा राहिल्यासारखी, तशी. गाडीवाल्यांतून कोणीतरी बोललाच, 'काय बा, पाइप हाय का शेवई?' आणि दुसरा, 'एम्मेस्सी शेवई हाय ते!' हशा. आणि ती धुतलेली धोतरं... ती माणसं हसली नाहीत. खाली बघत उभी राहिली. शेषरावजी माझ्याकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले! 'देवमन, बाहेर साठ गाड्या उभ्या हायेत. आता काय करू? सांग, तू तं शिकेल हायेस.'

मी काय सांगणार? मला साल आठवत नव्हतं, वार आठवत नव्हता. मी म्हटलं, 'हा पाइप उभ्यानं टिकणार नाही.'

बस, एवढंच बोललो. ते वाक्य मायनं उचललं. म्हणाली, 'उभ्यानं नाई टिकत, मंग निजू द्या ना त्याले!' आणि लिलाबाईला घेऊन निघाली. कुठं निघाली कोणाला कळेना. अर्ध्या तासानं विहाराकडून वस्तीची माणसं येताना दिसली, एकामागे एक, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काय असेल? बाज! सुंभानं विणलेली, झोपायची बाज! आमच्या घरची, लिलाबाईची, म्हाताऱ्यांची, एक बाज तर बाळंतिणीखालून काढलेली, वीस बाजा! खांब उपटले, अंगणात बाजेला बाज लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग मांडली, आणि पाइप उचलून वर निजवला. धरमसिंगनं निखळलेल्या सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, इंजिन फिरवलं... पाइप मऊ पडला, पण पडून पडून कुठं पडणार? बाजेवरच! पाणी टाक्यात. गाड्या आत. शेषरावजी बाजांची ती आगगाडी बघून म्हणाले, 'दुखनाईत हाय, पन काम करते.'

दीड महिना! दीड महिना आमच्या वस्तीतली माणसं भुईवर झोपली आणि पाइप बाजेवर झोपला. येणाराजाणारा विचारायचा, 'तब्येत कशी हाय पाव्हन्याची?' शेजारच्या मालेगावचे लोक एस.टी.तून उतरून बघून जायचे. लिलाबाई रोज सकाळी पाइपावर ओलं गोणपाट टाकताना म्हणायची, 'निज रे बापू, तुही माय हाय इथं.' आणि माय तिच्यावर डोळे वटारायची. मला वाटायचं, माझ्या बाजूनं वटारते.

आणि मी? शेषरावजींनी मला हाकललं नाही, उलट म्हणाले, 'पांढरा पाइप मांगव, अन् या वख्ती पानी तूच मोज. एकडाव भाजेल मानूस नीट मोजते.' मी गेलो, रविवारी दुपारी. काही निकडीचा माल होता म्हणून इंजिन चालू, पण बायांना सुटी, आजूबाजूला कोणी नाही. आडवा पडलो, हात आत घातला... आणि धरमसिंग म्हणत होता ते अगदी तंतोतंत झालं! कसाबसा आकडा वाचला. बहात्तर!

तेव्हा तुम्हाला काय वाटतं, मला काय वाटलं असेल? शहाण्या माणसाला वाटलं असतं, काहीतरी गडबड आहे. मला वाटलं, मला थर्मामीटर वाचता येत नाही! एक्केचाळीस आणि बहात्तर! तीनदा चुकीचं वाचलं म्हणजे नागपूरला दोन वर्षं काय केलं? परीक्षकांनी दयेनं पास केलं असणार. आणि नेमकं त्याच आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं, अकोल्याच्या कॉलेजात, रसायनशास्त्राचा प्राध्यापक! ज्या पत्राची माय कधीची वाट बघत होती, वस्तीनं ज्याच्या नावानं विहारात खीर वाटायची ठरवली होती. मी ते पत्र घडी करून परत पाकिटात घातलं आणि म्हणालो, 'माय, मी जाणार नाही.'

'काहून?'

'ज्याला पाण्याचं टेंपरेचर घेता येत नाही त्यानं पोरांना काय शिकवायचं? मी जिनिंगवर मजुरीला येतो तुझ्याबरोबर.'

माय जी पांढरी पडली... तुम्हाला सांगतो, पाइप पडला तेव्हा ती अशी झाली नव्हती.  मी दोन दिवस जेवलो नाही. रुजू व्हायची मुदत आठवड्याची. तिसऱ्या दिवशी लिलाबाई दारात, कमरेवर हात.

'काय बे, नोकरी सोडून राह्यला म्हन्ते?'

'मला येत नाही लिलामावशी. तीनदा चुकलो.'

'तू नाई चुकला, येड्या! पानी चुकलं!' आणि मायकडे वळून, 'सांग ना वं पंचफुले! का मी सांगू?'

'लिले, चूप बैस.'

'नाई बसत! पोराची नोकरी जाऊन राह्यली अन् चूप बैस म्हन्ते! अबे, तुह्या हाताले चटका बसन म्हनून तुह्या मायनं आमाले विहिरीवर पिटायलं. शेषराव तुले चा पाजे, तवर वीस बाया वीस गुंड थंड पानी हौदात टाकत. तीन्ही रोज! तिसऱ्या रोजी तं तू सांगतलं बी नाई, आमी फाटकातून पाह्यलं अन् पयत सुटलो, माह्या पायाचं नख गेलं, हे पाह्य!'

पाहिलं मी. अंगठ्याचं.

म्हटलं, 'माय?'

'मी कायले टाकू?' माय म्हणाली, आणि चुलीत फुंकायला लागली. चूल पेटलेली होती.

'पण लिलामावशी, तीनही दिवस एकच आकडा कसा आला? एक्केचाळीसच कसा? गुंड मोजून टाकले तरी असं जमत नाही!'

'मोजाले कोन बसलं? तुही माय कोपर बुडवून पाहे. लेकराच्या आंघोळीचं पानी पाह्यतात तसं. तिनं "बस" म्हनलं का आमी थांबत.'

आता तुम्हीच सांगा, हे मी मानायचं? कोपर! कोपर काय थर्मामीटर आहे? एका डिग्रीचाही फरक नाही, तीनदा? शास्त्रीयदृष्ट्या अशक्य. पण पाणी टाकलं होतं एवढं कळलं, म्हणजे मी वाचलेलं बरोबर होतं एवढंही कळलं, आणि मी नोकरीवर रुजू झालो. विहारात खीर वाटली, भुईवर झोपून पाठ दुखणाऱ्या माणसांनी ती खाल्ली. पांढरा पाइप आला, बसला, आणि जिनिंग बंद पडेपर्यंत वाकला नाही. बाजा ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, जरा झोळ पडून. मायनं मात्र शेवटपर्यंत कबूल केलं नाही. मी दरवर्षी विचारायचो, 'माय, खरं सांग.' ती म्हणायची, 'मले काय माहीत? तू तं शिकेल हायेस.' ती गेली तेव्हाही माझी शंका तशीच राहिली. कोपराची. तेहतीस वर्षं पोरांना उपकरणांतल्या चुका शिकवल्या मी, आणि दरवेळी फळ्याकडे तोंड केलं की वाटायचं, कोपर...?

पुढं मुलाचं लग्न झालं, नात झाली. ती दोन महिन्यांची असेल. सूनबाई पुण्याची, कॉम्प्युटरवाली, पण तीही टबात पाणी काढून, बाही वर करून, कोपर बुडवून म्हणाली, 'हां, बास.' मी पेपर वाचत होतो. पेपर बाजूला ठेवला. माळ्यावरच्या ट्रंकेतून काचेचा थर्मामीटर काढला, वाशिमचा नव्हे, तो परत केला होता बहुतेक, माझाच, निवृत्त होताना आणलेला. म्हटलं, 'सूनबाई, एक मिनिट थांब.' टबाशी गुडघ्यांवर बसलो, गुडघे वाजले, हात आत घातला, दोन मिनिटं मोजली. चष्मा पुसून वाचलं. मग चष्मा काढून वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सूनबाई वैतागून म्हणाली, 'बाबा, बाळ गारठतंय, किती आलं ते सांगा ना एकदाचं!'

म्हटलं, 'एक्केचाळीसच आहे बेटा. घाल आंघोळ. फक्त यावरून पाइप घेऊ नकोस.'